‘समजलं ना, मग झालं’वाल्यांनो, माझे १२,६०० द्या

हिंगण्याचा रॅकवाला
काल इथे एका भाऊंनी लिहिलं, "धंद्यात व्याकरण कोण पाहते? समोरच्याला समजलं ना, मग झालं. स्वल्पविराम शाळेत ठेवा." खाली ‘बरोबर’, ‘एक नंबर’ची रांग. रात्रभर डोक्यात होतं, म्हणून लिहून राहिलो.
माझं एमआयडीसीत रॅकचं वर्कशॉप आहे. मागच्या दिवाळीआधी एका होलसेलवाल्याला १,४०,००० चं कोटेशन गेलं. आमच्या पोराने व्हॉट्सॲपवर टाइप केलं: "दर जीएसटी धरून नाही वेगळा". त्याला म्हणायचं होतं, "धरून नाही, वेगळा." पार्टीने वाचलं, "धरून, नाही वेगळा." रॅक पोचले, लागले, वर साबणाची खोकी चढली, आणि मग १८ टक्क्यांवरून जुंपली. २५,२०० रुपये. अर्धे मी सोसले. समजलं तर दोघांनाही होतं, भाऊ!

इतवारीकर
कालचा तो मीच. तुमचं नुकसान झालं, वाईट वाटलं. पण हा स्वल्पविरामाचा नाही, वाक्याचा दोष आहे. "जीएसटी वेगळा लागेल" एवढं लिहिलं असतं तर टिंब न टाकता काम झालं असतं. आमच्या आजोबांच्या खतावणीत एक पूर्णविराम सापडणार नाही, अन् हिशोबात एक पैसा इकडचा तिकडे नाही. ही विरामचिन्हं मराठीत रुजवली मेजर कँडी नावाच्या इंग्रजाने, एकोणिसाव्या शतकात. त्याआधी काय धंदे बंद होते?

निवृत्त हेडक्लार्क
आजोबांची वही आजोबांनाच वाचायची होती. कोटेशन परक्याला वाचायचं असतं.
आता खरं दुखणं सांगतो. ३१ वर्षं आवक-जावक सांभाळली. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १८ च: १९६२ चे १४, १९७२ चे ४. शब्दाच्या शेवटची वेलांटी दीर्घ, एवढंही पाळवत नाही; अर्जात अजून ‘विनंति’ येते. आणि वरून ‘सरजी’, ‘मॅडमजी’! विषय नाही, संदर्भ नाही, तारीख नाही, पण ‘जी’ आहे. ही हिंदीची लागण पत्रांतून आधी काढा.

बर्डीवाली
काका, ‘जी’ हिंदी कुठून झाला? माझी आजी आर्वीची. दारात आलेल्याला "बसा जी, जेवले का जी?" विचारायची. तिला हिंदीचं एक वाक्य धड येत नव्हतं. ज्ञानेश्वरीची सुरुवातच "ॐ नमो जी आद्या". लीळाचरित्रात चक्रधरांचे शिष्य "जी जी" करतात, आणि तो ग्रंथ लिहिला गेला आपल्या विदर्भातल्या रिद्धपूरला. पुण्यात बोलत नाहीत म्हणून आपला शब्द हिंदी?

निवृत्त हेडक्लार्क
ताई, आजीच्या ‘जी’ला माझा नमस्कार. ‘सरजी रेट भेजो जी’ हा त्या आजीचा नातू नाही.

बर्डीवाली
आहे. शहरात येऊन बिघडला असेल, पण नातूच आहे. १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होतं. घरात दोन्ही भाषा नांदल्या. तुमच्या लाल पेनाने त्या वेगळ्या निघायच्या नाहीत.

निवृत्त हेडक्लार्क
लाल पेनाचा विषय तुम्ही काढला. त्या पेनामुळेच कित्येकांची पेन्शन वेळेवर सुटली. माहीत नसेल तर बोलू नये.

इतवारीकर
काऊन तापून राहिले काका? पूर्णविराम जोरात मारला बघा.

नवीन जॉइन
पूर्णविरामावरून आठवलं. आमच्या मॅडम ग्रुपवर "ठीक." लिहितात. टिंबासकट. पहिल्यांदा वाटलं नोकरी गेली. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. नंतर कळलं, त्या आपल्या मुलालाही "डबा घेतला का." असंच लिहितात. त्यामुळे काकांचे नियम ठीक, पण निदान व्हॉट्सॲपवर टिंब जपून वापरा.

निवृत्त हेडक्लार्क
तिथे प्रश्नचिन्ह हवं होतं.

हिंगण्याचा रॅकवाला
माझे १२,६०० राहिले बाजूला, इथे आजी निघाली! इतवारीकर भाऊ, वाक्य धड हवं, मान्य. पण आमचा पोरगा बारावी आहे, वेल्डिंग पाहता पाहता एका हाताने टाइप करतो. त्याला वाक्य बदलायला शिकवू की एक स्वल्पविराम टाकायला?

इतवारीकर
मोठेपणा म्हणून सांगतो, हसू नका. तुमचं वाचून माझे जुने मेसेज पाहिले. परवा गिऱ्हाइकाला लिहिलंय, "रोख नको उधारी". तो माल घेऊन गेलाय. फोन उचलून नाही राहिला.

बर्डीवाली
त्याला समजलं ना जी? मग झालं.