मदत हवी आहे: जपानीतलं 'रारेरु' म्हणजे 'शकणं' की कर्मणी?

डिसेंबरमध्ये जेएलपीटी (जपानी भाषेची परीक्षा) एन४ पातळीची देणार आहे. शक्यता दाखवणारं रूप कसं करायचं ते कळलंय: क्रियापदांच्या पहिल्या गटात 'काकु' (लिहिणं) चं 'काकेरु', 'योमु' (वाचणं) चं 'योमेरु', दुसऱ्या गटात 'ताबेरु' (खाणं) चं 'ताबेरारेरु', आणि अनियमित 'सुरु' (करणं) चं 'देकिरु', 'कुरु' (येणं) चं 'कोरारेरु'. कर्मापुढे 'ओ' या प्रत्ययाऐवजी बहुधा 'गा' येतो, हेही माहीत आहे. 'मिएरु' आणि 'मिरारेरु'मधला फरक तर मराठीमुळेच पटकन समजला: आपलं 'दिसतं' आणि 'बघता येतं'.

अडतं ते दुसऱ्या गटात. 'ताबेरारेरु' म्हणजे 'खाता येतं' आणि 'खाल्लं जातं' दोन्ही. त्यात 'सेन्सेइ वा आशिता कोरारेमास का' यात 'येऊ शकाल का' आहे की आदरार्थी 'येणार का'? वाचताना 'नि', 'गा' हे प्रत्यय बघून अंदाज बांधते, पण ऐकताना वाक्य निघून जातं. 'कोतो गा देकिरु' (क्रियापदाला जोडून 'करता येतं' सांगणारी रचना) वापरून स्वतःपुरतं निभावता येतं, समोरच्याचं कळत नाही.

बोलीत 'रा' गाळून 'ताबेरेरु', 'मिरेरु' म्हणतात, त्याने गोंधळ मिटतो खरा. पण मग 'किरु' (कपडे घालणं) चं 'किरेरु' होतं आणि ते 'कापणं'च्या 'किरेरु'शी जुळतं! शिवाय परीक्षेत हे चालत नाही म्हणे.

रोमाजी (रोमन लिपीतलं जपानी) नको, काना (जपानी लिपी) येते. व्याकरणाचं पुस्तकही सुचवू नका, दोन आहेत.

जपानमध्ये राहणाऱ्यांना किंवा एन३च्या पुढे गेलेल्यांना विचारायचंय: ऐकताना नेमकी कोणती खूण पकडता? आणि वरिष्ठांना 'उद्या याल का' विचारायला 'कोरारेमास का' म्हटलं, तर त्यांच्या क्षमतेवर शंका घेतल्यासारखं वाटेल का?