राज्यभर आरोग्य नोंदींचं एकच जाळं हवं का नको? मराठवाड्यातल्यांनी बोला

मेडिकलवाला_वडवणी
मंडळी, दिवाळी झाली की आपल्याकडं गावंच्या गावं रिकामी होतात. ऊसतोडीच्या टोळ्या सांगली-कोल्हापूरकडं, कित्येक तर कर्नाटकात बेळगावकडं, माघारी यायला मार्च-एप्रिल उजाडतो. त्यात पाच महिन्यांची गरोदर बाई असली तर तिचं हिमोग्लोबिन, रक्तगट, सोनोग्राफी सगळं माता-बाल कार्डावर आणि कार्ड राहतं गावात सासूच्या पेटीत. फडावर काही झालं की तिथल्या डॉक्टरला हिच्याबद्दल काहीच माहीत नाही, परत सगळ्या तपासण्या, परत पैसे.

दुकानात रोज बघतो. लोक कॅरीबॅगमधी रिकामी पाकिटं घेऊन येतात, "हीच द्या" म्हणतात, कशासाठी दिली होती ते घरातल्या कोणालाच सांगता येत नाही. एका मावशीकडं दोन दवाखान्यांच्या दोन चिठ्ठ्या होत्या, दोन्हीवर बीपीची ॲम्लोडिपिनच, फक्त कंपन्यांची नावं वेगळी, आणि मावशी दोन्ही गोळ्या इमानदारीनं खायलेल्या, पाय सुजून टम्म. दुसऱ्या डॉक्टरला पहिल्याची चिठ्ठी दिसली असती तर हे झालंच नसतं.

म्हणून म्हणतो, राज्यानं हेल्थ इन्फॉर्मेशन एक्स्चेंज उभारावं. सगळ्यांचा डेटा मुंबईत एका कॉम्प्युटरात भरायचा असं नाही. नोंद जिथली तिथंच राहते, पेशंटनं हो म्हटलं की इकडचा दवाखाना तिकडच्याला पाठवतो. केंद्राचं आयुष्मान भारत डिजिटल मिशन 27 सप्टेंबर 2021 ला देशभर सुरू झालं ते ह्याच पद्धतीचं, 14 आकडी आभा नंबर, म्हणजे प्रत्येकाचा आरोग्य ओळख नंबर, त्यासाठीच आहे. नंबर काढले लई जणांचे, पण नंबरामागं नोंदी कुठंयत? राज्यानं ते काम अंगावर घ्यावं.

विष्णुपुरी_नांदेड
भाऊ, तुमची तळमळ समजते पण आधी औषधं द्या, नर्स द्या, मग कॉम्प्युटर. 2023 च्या ऑक्टोबरच्या सुरवातीला आमच्या नांदेडच्या सरकारी दवाखान्यात दोन दिवसांत 31 जीव गेले, त्यात तान्ही लेकरं होती. तेव्हा औषधाची आणि माणसांची कमी हीच चर्चा होती ना सगळीकडं? त्या आईबापांना आभा नंबरचं काय करायचं होतं. पैसा एकच आहे, तो सॉफ्टवेअर कंपनीला गेला की वॉर्डातनं कमी होतो. माझा सरळ विरोध.

मेडिकलवाला_वडवणी
नांदेडचं दुःख मान्यच आहे दादा, त्यावर वाद नाही. पण त्यातल्या किती लेकरांना बाहेरच्या दवाखान्यातनं शेवटच्या घडीला आणलं, आधी काय दिलं होतं, कोणी कधी रेफर केलं, हे आज एका ठिकाणी बघता येतं का? नोंद नसली की जबाबदारी पण कोणाचीच नसते. औषधाचा साठा कुठं संपत आला तेही नोंदीतनंच कळणार की.

उपकेंद्रातली_सिस्टर
साठा संपल्याचं आम्ही कागदावर पण कळवतोच, कळवून येत नाही ही अडचण आहे. आणि नोंदी भरणार कोण ते कोणीच बोलंना. गरोदर मातेची नोंद आरसीएच पोर्टलला, लसीची यू-विनला, टीबीची निक्षयला, बीपी-शुगरची अजून एका पोर्टलला, आणि वरून सगळी रजिस्टरं हातानं, कारण तपासणीला आलेले साहेब रजिस्टरच मागतात. रेंज नसली की रात्री घरी जाऊन भरायचं. आता ह्याच्यावर अजून एक एक्स्चेंज आलं तर त्याची पण एंट्री आमच्याच गळ्यात पडणार. आधीची पोर्टलं एकमेकांशी जोडा, एकदाच भरू द्या, रजिस्टर बंद झाल्याचं लेखी पत्र काढा, मग मी स्वतः घरोघर जाऊन आभा काढून देते. तोवर नको.

लातूरचा_फिजिशियन
सिस्टरांच्या मुद्द्याला माझं पूर्ण अनुमोदन, मी खाजगीत आहे तरी. ओपीडीला बाहेर बाकडं भरलेलं असतं, एका पेशंटमागं चार-पाच मिनिटं मिळतात, त्यात टायपिंग केलं तर पेशंटच्या तोंडाकडं कधी बघायचं? आणि सरकारी सिस्टीमवर भरवसा कसा ठेवायचा. राज्यातल्या सरकारी मेडिकल कॉलेजांमधी एचएमआयएस, म्हणजे पेशंटच्या नोंदी ठेवायची कॉम्प्युटर सिस्टीम, चालू होती, लाखो पेशंटच्या नोंदी त्यात होत्या, 2022 मधी कंपनीबरोबर वाद झाला आणि सिस्टीम बंद, सगळे परत कागदावर. जुन्या नोंदी तेव्हा अडकून पडल्या. आधी कायद्यात हे लिहा की कंपनी बदलली तरी डेटा सरकारच्या आणि पेशंटच्या हातात राहील.

एक मात्र खरं सांगतो, कागद मलाही त्रासच देतो. अंबाजोगाईच्या स्वारातीतनं किंवा संभाजीनगरच्या घाटीतनं, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजांच्या दवाखान्यांतनं, डिस्चार्ज झालेला पेशंट येतो, कार्डाची घडी पडून पडून नेमकी डायग्नोसिसची ओळ गेलेली असते, आणि ईसीजीच्या थर्मल कागदावरचं तर वर्षभरात सगळं उडून जातं. जुना ईसीजी समोर असला तर हार्ट अटॅक नवा का जुना हे लगेच कळतं. तेवढ्यासाठी तरी काहीतरी हवंय.

संभाजीनगर_सॉफ्टवेअर
काम ह्याच क्षेत्रातलं आहे म्हणून थोडं सविस्तर. डॉक्टर साहेब म्हणतात तो डेटाचा मुद्दा एकदम बरोबर, त्यावर उपाय म्हणजे स्टँडर्ड. एबीडीएममधी, म्हणजे वर आलेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमधी, नोंद एफएचआयआर ह्या ठरलेल्या साच्यात पाठवावी लागते, साचा पाळला तर कंपनी बदलून पण नोंद वाचता येते. पण आज बहुतेक ठिकाणी केसपेपरचा फोटो नाहीतर पीडीएफ चढवायलेत. तो डॉक्टरला दिसतो पण "ह्या पेशंटची शुगर तीन वर्षांत कशी वाढली" असं विचारलं तर कॉम्प्युटरला त्यातनं काही काढता येत नाही. म्हणून सुरवात लॅबपासून करा, लॅबचे आकडे मशिनमधनंच येतात, कोणाला टायपिंग नाही.

दुसरी गोष्ट नावांची. आपल्याकडं बाईचं नाव माहेरी एक, सासरी एक, केसपेपरवर कधी नवऱ्याचं नाव पुढं कधी आडनाव, वय तर अंदाजेच. दोन सारख्या नावांच्या बायांच्या नोंदी एकात गेल्या तर रक्तगट चुकू शकतो. हे जुळवायचं काम खरं अवघड आहे आणि टेंडरमधी त्याला कोणी किंमत देत नाही.

बीडची_लेक
नाव जुळवायच्या आधी ती नोंद कोण बघणार ते सांगा. 2019 मधी मपल्या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण गाजलं, सरकारी समितीसमोर जे आलं त्यात 82,309 बायांपैकी 13,861 जणींचं ऑपरेशन झालेलं होतं. माझ्या भावकीतल्या दोघी त्यात आहेत. नोंदी एका ठिकाणी असत्या तर कोणता दवाखाना कोणत्या वयाच्या बायांच्या पिशव्या काढायलाय हे आधीच दिसलं असतं, हे मी मानते. मेडिकलवाल्या भाऊंची बाजू तेवढ्यापुरती मला पटते.

पण तुम्ही म्हणता पेशंटनं हो म्हटलं की नोंद जाते. हो कशावर म्हणायचं? मोबाईलवरच्या ओटीपीवर. मोबाईल कोणाकडं? नवऱ्याकडं. टोळीवर गेल्यावर तर एका खोपटात एकच फोन, त्याला चार्जिंग पण मुकादमाच्या ट्रॅक्टरवर. उचल घेताना मुकादम आधार कार्ड मागून घेतात, उद्या आभा पण मागतील, की बाई पोटुशी आहे का, टीबी झाला होता का, वजन उचलंल का. बाईनं गर्भपात केला असंल, एचआयव्हीच्या गोळ्या चालू असतील, डोक्याच्या डॉक्टरकडं जात असंल, ते सासरच्या फोनवर दिसलं तर तिला घरात राहू देतील का? शहरात बसून कन्सेंट कन्सेंट म्हणणं सोपं आहे. नोंद हरवली तर बाईचे पैसे जातात, नोंद फुटली तर बाईचं घर जातं. म्हणून माझा विरोध आहे आणि तो कायम राहणार.

संभाजीनगर_सॉफ्टवेअर
ताई, तुमचा मुद्दा ह्या धाग्यातला सगळ्यात वजनाचा आहे. कन्सेंटमधी कोणत्या प्रकारची नोंद, कोणत्या तारखेपासूनची, किती दिवसांसाठी हे ठरवता येतं आणि परत काढून पण घेता येतं. 2023 चा डेटा संरक्षण कायदा पण आहे. पण फोनच दुसऱ्याच्या हातात असला तर ह्याचा काही उपयोग नाही हे तुमचं खरंय. एचआयव्ही, गर्भपात, मानसिक आजार ह्या नोंदी सुरवातीपासून बाहेर ठेवा आणि ओटीपीऐवजी दवाखान्यात बाईच्या स्वतःच्या अंगठ्यावर परवानगी घ्या, हे करता येण्यासारखं आहे.

विष्णुपुरी_नांदेड
आणि सर्व्हर हॅक झाला तर? नोव्हेंबर 2022 ला दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, जवळपास दोन आठवडे कामं हातानं चालली. एम्सची ती गत, तर आमच्या तालुक्याच्या दवाखान्याचं काय सांगायलात.

देगलूरचा
एक वेगळंच सांगतो. तुम्ही सगळे राज्यभर राज्यभर करायलेत, आमच्याकडची माणसं निजामाबाद नाहीतर हैदराबादला जातात, उदगीरवाले बीदरला, आणि टोळ्यांचं वर आलंच आहे. राज्याची हद्द पेशंटला दिसत नाही. महाराष्ट्रानं स्वतःची वेगळी सिस्टीम काढली आणि ती तेलंगण-कर्नाटकाशी बोललीच नाही तर आमच्या काय कामाची. करायचं असंल तर केंद्राच्या साच्यातच करा, नवीन पोर्टल काढू नका.

मेडिकलवाला_वडवणी
देगलूरकरांचं मान्य, वेगळं पोर्टल नकोच. बीडच्या ताईंचं वाचून मी माझी मागणी लहान करतो. पहिल्या टप्प्यात चारच गोष्टी घ्या: गरोदर मातेच्या तपासण्या, टीबी, बीपी-शुगरच्या गोळ्या, आणि ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड. टीबीचं तर निक्षयमधी आत्तापण होतं, पेशंट दुसऱ्या जिल्ह्यात गेला की तिकडं ट्रान्सफर करता येतो, म्हणजे अशक्य काही नाही. कोणी कधी नोंद उघडली ते पेशंटला छापून मिळालं पाहिजे, मराठीत. आणि टोळ्या निघायच्या आधी, दसऱ्याच्या आसपास, गावातच कॅम्प घ्या.

उपकेंद्रातली_सिस्टर
कॅम्प घेऊ, पण त्या आठवड्यात बाकीची पोर्टलं कोण भरणार ते आदेशात लिहून आणा.

बीडची_लेक
ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड म्हणजे पिशवी काढल्याची नोंद आलीच की त्यात भाऊ. ती मुकादमाला दिसणार नाही ह्याची लेखी हमी कोण देणार, कलेक्टर का कंपनी? त्याचं उत्तर आल्याशिवाय मी मपल्या भावकीतल्या एकाही बाईला अंगठा लावू देणार नाही.