आई पडल्यापासून घाबरते, ६९ व्या वर्षी योगा सुरू करता येईल का?

ठाणेकर_लेक:
आई दिवाळीच्या आधी बाथरूममध्ये घसरून पडली, हाड मोडलं नाही नशीब, पण तेव्हापासून तिने धसकाच घेतलाय. एकटी जिना उतरत नाही, मंडईत जायची केवढी हौस तिला, तेही बंद, घरात पण भिंत धरून चालते. बीपीची गोळी चालू आहे आणि एका डोळ्यात काचबिंदू निघालाय. सोसायटीच्या क्लासमध्ये सगळ्यांना सरसकट सूर्यनमस्कार घालायला लावतात म्हणून पाठवायला भीती वाटते. आणि ते माइंडफुलनेस म्हणतात, म्हणजे आत्ता काय होतंय त्याकडे शांतपणे लक्ष ठेवायचं, त्याने खरंच फरक पडतो का?

योगशिक्षिका_नाशिक:
ताई, सूर्यनमस्कार आत्ता नकोच. काचबिंदू आहे म्हणजे डोकं खाली जाईल असं काहीच नको, डोळ्यातलं प्रेशर वाढतं. बीपीमुळे श्वास रोखून धरणंही नको. पुण्याच्या अय्यंगार गुरुजींनी खुर्ची, पट्टे, लोड घेऊन आसनं करायची पद्धत रुजवली ती अशाच लोकांच्या कामाची. भिंतीला पाठ लावून ताडासन करा, म्हणजे ताठ सरळ उभं राहायचं, मग वृक्षासन, म्हणजे एका पायावर तोल, पण पाऊल मांडीवर न्यायचं नाही, टाच दुसऱ्या घोट्याला टेकवून बोटं जमिनीवरच आणि एक हात ओट्यावर. सगळ्यात मोलाचं म्हणजे हात न टेकता खुर्चीतून उठणं आणि सावकाश बसणं, धप्पकन नाही. मांड्यांत ताकद आली की माणसाची चालच बदलते, मी क्लासमध्ये कायम बघते हे.

फिजिओ_कोल्हापूर:
वरचं सगळं बरोबर, पण आधी ती कशामुळे पडली ते शोधा. बी१२ व्हिटॅमिन कमी असेल तर तळपायाची संवेदना कमी होते, तोल जातो, शाकाहारी लोकांत आणि मेटफॉर्मिन ही डायबेटिसची गोळी घेणाऱ्यांत हे बरंच दिसतं. बीपीच्या काही गोळ्यांनी उठल्या उठल्या चक्कर येते, डॉक्टरांना विचारा आणि तोवर पलंगाच्या कडेला जरा बसूनच उठायचं. हाडं ठिसूळ निघाली तर पश्चिमोत्तानासनासारखं पाठ गोल करून वाकणं टाळा. आणि प्लीज, जमिनीवरून उठायला शिकवा तिला! कुशीवर वळायचं, हातागुडघ्यांवर यायचं, खुर्चीपर्यंत रांगत जाऊन तिच्यावर हात रोवायचे, एक पाऊल पुढे घेऊन उठायचं. पडलो तर उठता येईल एवढा भरवसा आला की निम्मी भीती जाते. घाबरून चालणं सोडलं तर स्नायू अजून सुकतात आणि पडण्याचा धोका वाढतच जातो.

आजोबा_७६:
बाळा, माइंडफुलनेसचं विचारलंस म्हणून सांगतो, मी इगतपुरीला विपश्यना ध्यानाचं शिबिर केलं आहे, पण आईला लगेच दहा दिवसांच्या शिबिराला पाठवू नकोस. घरातच सावकाश चालायला सांग, टाच टेकली, चवडा टेकला, एवढंच बघायचं. भीती येईल, छातीत धडधडेल, ते पण बघायचं, थोड्या वेळाने ओसरतं. माझी भीती संपली नाही पण ती आली म्हणून मी आता थांबत नाही. आणि दरवेळी तिचा दंड धरू नका, मंडईत तिला पुढे चालू दे, तू अर्धं पाऊल मागे राहा.

ठाणेकर_लेक:
खूप आभार सगळ्यांचे. बी१२ कधी तपासलेलंच नाही, या आठवड्यात करून घेते. डायनिंगची लाकडी खुर्ची चालेल ना?

योगशिक्षिका_नाशिक:
हो, जड आहे तेच बरं. फक्त भिंतीला टेकवून ठेवा आणि पायात मोजे नकोत.