मदत हवी आहे: राइस कुकरचा खटका भात व्हायच्या आधीच उडतो

कोरा_चहा:
नमस्कार मंडळी. प्रश्न माझा नाही, सासऱ्यांचा आहे. ते भोरला एकटे राहतात, वय ७८, ऐकू कमी येतं. गेल्या पावसाळ्यात प्रेशर कुकरच्या शिट्ट्या त्यांना ऐकूच आल्या नाहीत. पाणी आटलं, आतले डबे काळे झाले, सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला. घाबरलो आम्ही, ते नाहीत.

दिवाळीत त्यांना इलेक्ट्रिक राइस कुकर नेऊन दिला. १.८ लिटरचा, साधा, एकच खटका. खाली दाबला की शिजायला सुरुवात, भात झाला की टक् करून वर, मग 'वॉर्म'. दोन महिने नाना खूश होते. आता रोज फोनवर तेच: "तुझ्या डब्याला घाई फार." भात बोटचेपा, मध्ये कणी राहते, तरी खटका वर. परत दाबला तर राहत नाही. एखाद्या दिवशी उलट, खाली बोटभर खरवड आणि वर चिखल. त्यांना संध्याकाळी मऊ गुरगुट्या भात आणि मेतकूट लागतं, त्या वेळी फेस झाकणातून ओट्यावर येतो.

तांदूळ घरचा इंद्रायणी, पाणी वाटीला दोन वाट्या. कुकर बिघडलाय का? वॉरंटी आहे, पण दुकानदार म्हणतो "पाणी कमी घालत असतील". बदलून दुसरं काही घेऊ का?

खटकेबाज:
लगेच बदलू नका. हा खटका घड्याळ बघून उडत नाही. भांडं बाहेर काढलंत तर तापणाऱ्या तव्याच्या मधोमध स्प्रिंगवर बसलेलं गोल बटण दिसेल, त्यात चुंबक असतं. भांड्यात पाणी आहे तोवर तळ १०० अंशांच्या आसपास राहतो. पाणी जिरलं की तापमान चढतं, १०३ च्या आसपास गेलं की आतल्या मिश्रधातूचं चुंबकत्व ओसरतं आणि स्प्रिंग खटका वर ढकलते. एवढीच अक्कल आहे त्याला. बटण गरम आहे तोवर खटका पुन्हा दाबून राहणार नाही, दहा मिनिटं थांबावं लागतं.

म्हणजे पाणी असताना उडतोय तर बटण भांड्याला नीट टेकत नाहीये, ते तव्याचीच धग मोजतंय. प्लग काढून, गार झाल्यावर बघा: तव्यावर शीत चिकटलंय का, भांडं बाहेरून ओलं ठेवतात का, भांड्याचा तळ सपाट आहे का. भांडं पालथं घालून त्यावर स्टीलची पट्टी उभी धरा, फट कळेल.

कामशेतची_काकू:
वाटीला दोन वाट्या हे माप बासमतीचं किंवा जुन्या कोलमचं. इंद्रायणी मुळात चिकट, त्यात घरचा म्हणजे यंदाचाच असणार. नव्या तांदळाला इतकं पाणी घातलं तर चिखलच होईल. आमच्याकडे नव्याला वाटीला सव्वा ते दीड, वर्षभर मुरलेल्याला पावणेदोन. दोनतीनदा चोळून धुवा, फेस निम्मा तिथेच कमी होतो. खटका उडाल्यावर झाकण उघडायचं नाही, दहा-पंधरा मिनिटं तसंच. नाना लगेच उघडत असतील बघा, पुरुषांना दम नसतो.

गुरगुट्याला वाटीला चार वाट्या पाणी आणि अर्धा चमचा तूप. पण भांडं अर्ध्याच्या वर भरायचं नाही.

आणि एका माणसाला १.८ लिटर कशाला घेतलात? एक वाटी तांदूळ एवढ्या मोठ्या तळावर पसरतो, खरवड धरणारच.

हडसनकाठ:
सोबत येणारा कप हरवला असेल तर तेही बघा. तो १८० मिलीचा असतो आणि भांड्यातल्या रेषा बहुधा त्याच कपाच्या हिशेबाने असतात. घरची वाटी ज्याची त्याची.

(अवांतर: इकडून, म्हणजे अमेरिकेतून, कुणी कुकर भेट म्हणून पाठवत असेल तर नको म्हणा. १२० व्होल्टचा कुकर आपल्या २३० वर लावला की साडेतीन पटीहून जास्त वीज खेचतो. आमच्या मामांकडे अर्ध्या मिनिटात घरभर धूर झाला होता.)

खटकेबाज:
अवांतरात माझीही भर. तोशिबाने १९५५ मध्ये पहिला आपोआप बंद होणारा राइस कुकर विकायला काढला, त्यात भांड्यात भांडं होतं. बाहेरच्यात पेलाभर पाणी, ते वाफ होऊन संपायला साधारण वीस मिनिटं, मग तापमान चढून खटका बंद. तेव्हाही सगळा खेळ पाणी संपण्याचाच. म्हणून तळ बघा म्हणतोय.

कोरा_चहा:
रविवारी भोरला जाऊन आले. खटकेबाज, पट्टी उभी धरली तर खालून चक्क पोस्टकार्ड सरकलं! तळ मधून वर गेलाय. विचारलं तर नाना आधी काही बोलेनात, मग म्हणाले, "त्यात फोडणी होत नाही गं." खिचडीसाठी त्याच भांड्यात तेल-मोहरी घालून खटका दाबायचे, मोहरी तडतडायच्या आधीच टक्. म्हणून भांडं उचलून सरळ गॅसवर! दोन महिने हे चाललंय. वर स्टीलच्या उलथन्याने खरवड काढून नॉनस्टिकचे पापुद्रे निघालेत.

खटकेबाज:
सापडलं. नुसत्या तेलात १०३ अंश व्हायला कितीसा वेळ लागतो, म्हणून खटका उडतो. आणि पातळ ॲल्युमिनियमचं भांडं गॅसच्या आचेवर वाकतं. कुकर ठणठणीत आहे. त्याच मॉडेलचं नुसतं आतलं भांडं मिळतं, सर्व्हिस सेंटरला विचारा. फोडणी कढल्यात करून वरून ओतायची.

कामशेतची_काकू:
आणि लाकडी पळी द्या. रात्रीचा भात सकाळी फोडणीला ठेवत असतील तर बंद कुकरमध्ये ठेवू देऊ नका. कोमट भातात जे जंतू वाढतात त्यांचं विष परत तापवूनही जात नाही. उरला की लगेच फ्रिजमध्ये.

कोरा_चहा:
नवं भांडं आलं. दीड वाटी तांदूळ, सव्वादोन वाट्या पाणी, पंधरा मिनिटं झाकण बंद. नानांचा फोन: "जमला." त्यांच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ. गुरगुट्याला फेस अजून येतो, पण ओट्यावर नाही.

आता वरणाचं. मूगडाळ शिजते, पण ते म्हणतात ती आजाऱ्याची. तुरीची शिजवावी का यात?

कामशेतची_काकू:
शिजते, पण शिट्टीची ताकद नाही, वेळ धरा. डाळ तासभर कोमट पाण्यात भिजवा, डाळीच्या चौपट पाणी, हळद-हिंग आणि तेलाचे चार थेंब. मीठ, आमसूल सगळं डाळ मोडल्यावर, आंबट आधी पडलं तर डाळ हटून बसते. मध्येच खटका उडाला तर कपभर गरम पाणी घालून, दहा मिनिटांनी परत दाबा. भात आधी करून डब्यात काढून ठेवायला सांगा, नाहीतर भांडं एकच.