विमान आपटलं म्हणून हसणाऱ्यांसाठी

परभणीकर
काल जिल्ह्याच्या ग्रुपवर नौदलाचं लढाऊ विमान मिग-29के, विक्रांत या आपल्या विमानवाहू जहाजावर उतरतानाचा व्हिडिओ फिरला. खाली एकानं लिहिलं, "केवढं आपटलं! आमचा गंगाखेड गाडीचा ड्रायव्हर याच्यापेक्षा अलगद थांबवतो." त्यावर हसणाऱ्यांची रांग. माझी सगळी नोकरी नौदलात विमानांच्या देखभालीत गेली, म्हणून गप्प बसवलं नाही.

संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावर उतरणारा पायलट जमीन जवळ आली की नाक जरा वर घेतो. विमान क्षणभर तरंगतं, मग चाकं टेकतात. चारशे मीटर पुढं टेकली तरी धावपट्टी उरते. विक्रांत अख्खी 262 मीटर, आणि त्यातली उतरायला मिळते ती एक तिरकी पट्टी. तिथं तरंगलं की विमानाच्या शेपटीखालचा हुक, विमान अडवायला जहाजाच्या डेकवर आडव्या ताणलेल्या तारांच्या पलीकडं गेला. म्हणून साडेतीन अंशांच्या आसपासचा उतार शेवटपर्यंत सोडायचा नाही, नाक उचलायचं नाही, आणि तीनपैकी एक तार पकडायची. चाकं टेकताच पायलट इंजिनाची ताकद वाढवतो, कारण तार हुकली तर त्याच वेगात पुन्हा हवेत जायचं असतं. वर डेक लाटेबरोबर हलतो ते वेगळंच. तिथं जोरात टेकणं हेच बरोबर उतरणं आहे.

औसा रोड
काका, पद्धत कळली. पण "असंच उतरतात" म्हणून प्रश्न मिटत नाही. सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगचा 2016 चा अहवाल बघा. मिग-29के ची सेवेसाठी उपलब्धता 15.93 ते 37.63 टक्के. एअरफ्रेम म्हणजे सांगाडा, इंजिन, फ्लाय-बाय-वायर म्हणजे विजेच्या संदेशांवर चालणारं नियंत्रण, सगळीकडं दोष. डेकवर उतरल्यावर भाग बिघडत होते ते निराळं. अशी 45 विमानं आपण घेतली. दणका बसणार हे आधीच माहीत होतं ना? मग तो सोसायची जबाबदारी विमान बनवणाऱ्याची. पायलटला कुणी नावं ठेवू नयेत, मान्य. पण तुम्ही पायलटची बाजू घेता घेता विमानालाही सोडून देऊ नका.

परभणीकर
विमानाला कुठं सोडलं? मी हसणाऱ्यांना सांगायलोय. दणक्यालाही मर्यादा असते. ती ओलांडली की नौदलातसुद्धा विमान सरळ तपासणीला जातं. हँगरमध्ये चाकाशेजारी आडवं पडून टॉर्च मारायचा, ओलिओच्या, म्हणजे चाकाच्या पायातल्या दणका झेलणाऱ्या भागाच्या, चकचकीत दांड्यावरून बोट फिरवायचं. बोटाला तेल लागलं तर पुढचं उड्डाण रद्द. हुकाचं टोक, टायरच्या कडा, पायाच्या जोडावरचा रंग तडकलाय का, सगळं बघायचं. रंगाखालची चीर डोळ्याला दिसत नाही, रंगाची दिसते. ही कामं करणाऱ्यांच्या जिवावर तो व्हिडिओ निघतो.

जालनेकर
आणि दर वेळी दोष लँडिंगचाच असतो असंही नाही. डिसेंबर 2016 मध्ये रशियाच्या कुझनेत्सोव या विमानवाहू जहाजावर उतरणाऱ्या सुखोई-33 नं पकडलेली तार तुटली, विमान समुद्रात. जानेवारी 2022 मध्ये अमेरिकेच्या कार्ल विन्सनवर एफ-35सी डेकच्या मागच्या कडेला आदळलं, सात जण जखमी. उतरण्यातली खरी चूक कशी दिसते ते या दुसऱ्या अपघाताच्या व्हिडिओत बघा. विक्रांतवाल्यात तसलं काहीच नाही.

मांजराकाठ
तुमची चर्चा चालू द्या, पण मला एक सांगा, त्या कॉकपिटमध्ये मराठवाड्याचं पोरगं किती वेळा बसतं? संभाजीनगरात सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था 1977 पासून आहे. एनडीएची, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशाची, तयारी सरकार करून घेतं, आपल्या दारात. आणि आपण दहावीचा निकाल लागला की पोरं लातूरला नीटच्या बॅचमध्ये कोंबतो. माझ्या पुतणीला एनडीएचा फॉर्म भरायचा होता. क्लासवाले म्हणाले, लक्ष विचलित होईल. घरच्यांनी त्यांचंच ऐकलं.

औसा रोड
झालं, लातूर पॅटर्नवर घसरलात! विषय काय, बोलायलात काय. या पॅटर्ननं कोरडवाहू शेतकऱ्याची पोरं डॉक्टर झाली. माझा भाऊ झाला. बापाकडं दीड एकर होतं. त्याला म्हणायचं होतं का, नीट सोड आणि विमान उडव?

मांजराकाठ
डॉक्टर होऊ नका म्हटलंय का मी? मुलीला दोन्ही परीक्षा देऊ दिल्या असत्या तर कुणाचं काय गेलं असतं? 2022 पासून एनडीएत मुली आहेत. हे किती पालकांना ठाऊक आहे, तेवढंच विचारतोय.

जालनेकर
मांजराकाठ, तुमचं दुःख खरंय, पण भावाला मध्ये ओढलं की माणूस चिडणारच. आणि औसा रोड, तुम्ही पण. एका पोरीच्या फॉर्मवर इतकं तापायचं कारण नव्हतं.

औसा रोड
भावाला मीच आणलं मध्ये, त्यांनी नाही. बरं, फॉर्म भरू द्यायला हवा होता, हे मान्य. क्लासवाल्याला तो अधिकार नव्हता. पण पॅटर्नवर बोललेलं मी ऐकून घेणार नाही.

आता मूळ मुद्दा. काका, उत्तर द्या. दणका सोसणारं विमान आपण स्वतः का बनवत नाही?

परभणीकर
बनवलं. नौदलाचं तेजस 11 जानेवारी 2020 ला विक्रमादित्य या आपल्या दुसऱ्या विमानवाहू जहाजावर तार पकडून उतरलं. पण दणका सोसायचा तर पाय जाड, सांगाडा मजबूत, म्हणजे वजन वाढलं. एक इंजिन ते वजन घेऊन पुरेशी शस्त्रं वाहून नेईना. 2016 च्या डिसेंबरातच नौदलानं ते नाकारलं होतं. आता दोन इंजिनांचं विमान आखलंय, आणि तोवर फ्रान्सची 26 राफेल-एम, करार एप्रिल 2025 चा.

औसा रोड
म्हणजे मी म्हणत होतो तेच. मिग कमी पडलं, म्हणून राफेल आणावं लागलं.

परभणीकर
मिग कमी पडलं, हो. ते मी नाकारत नाही, कॅगचे आकडे माझ्याही डोळ्यांपुढं आहेत. पण राफेलसुद्धा विक्रांतवर असंच जोरात टेकणार. त्याचा व्हिडिओ आला की तुमच्या ग्रुपवर हसू नका, एवढंच मागणं.

औसा रोड
हसलो मी नव्हतोच. पण ज्यानं लिहिलं त्याला तुमचा पहिला मेसेज पाठवतो. कॅगचा भाग माझ्याकडून जोडून.