अनुभव धागा : कंत्राटदाराच्या चुकीने बिघडलेले लाकडी दार

घराची फरशी, रंग किंवा ग्रिल बदलताना दाराशी ज्याचा काही संबंध नाही असा कारागीर दाराला हात लावतो आणि वर्षानुवर्षे नीट लागणारे दार एका दिवसात बिघडते. अशा वेळी नेमके काय बिघडले, ते कसे दुरुस्त केले आणि पुढच्या पावसाळ्यात ती दुरुस्ती टिकली का, हे कृपया सविस्तर लिहावे. सुरुवात मी करते.

पुणे
जुन्या फरशीवर नवी फरशी बसवल्यामुळे जमीन वर आली आणि आमचे सागवानी दार अडकू लागले. फरशीच्या कंत्राटदाराने सुतार न बोलावता दगड कापायच्या कटरने दार खालून कापले. कड तिरकी झाली, एका टोकाला बोट जाईल एवढी फट राहिली आणि उभ्या काठ्यांच्या टोकांच्या चिरफळ्या निघाल्या. "लांबी (पुट्टी) भरून रंग मारतो, कळणारही नाही," असे त्याचे म्हणणे होते, ते मी मान्य केले नाही. दाराच्या खालच्या कडेला सतत ओल लागते, दार हलते, त्यामुळे तिथे भरलेली लांबी तडकून पडणारच.

आमच्या सुतारांनी दार उतरवून आधी ती कड रंध्याने सरळ केली आणि वखारीतून आणलेल्या जुन्या सागाची, दाराच्याच जाडीची पट्टी पाण्यात न सुटणारा सरस लावून, स्क्रूने आवळून बसवली. उभ्या काठीचे कापलेले टोक सरस शोषून घेते, म्हणून पहिला हात जिरू देऊन त्यांनी दुसरा हात दिला, हे मी जवळ उभी राहून पाहिले. दार पुन्हा बिजागऱ्यांवर चढवण्यापूर्वी खालच्या कडेलाही पॉलिश झाले. ही कड दिसत नाही म्हणून बहुतेक ठिकाणी कोरीच सोडतात आणि ओल तिथूनच चढते.

रत्नागिरी
ताई, आमच्याकडे कटरऐवजी रंधा चालला, पण भर पावसाळ्यात. लाकूड ओलाव्याने रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ नाही, आणि कोरड्या हवेत पुन्हा आक्रसते. रंगकामाच्या कंत्राटदाराने श्रावणात अडकणारे दार कुलपाच्या बाजूने भरपूर तासून दिले. फाल्गुन येईपर्यंत कडी कोयंड्यापर्यंत पोहोचेनाशी झाली. दुरुस्ती आम्ही मुद्दाम उन्हाळ्यात केली आणि पट्टी कुलपाच्या नव्हे, बिजागरीच्या बाजूला जोडली. त्यामुळे कुलपाची खाच जशीच्या तशी राहिली, फक्त बिजागऱ्यांची घरे नव्याने पाडावी लागली, आणि सांधाही चौकटीच्या बाजूला झाकला गेला. दार पावसात अडकत असेल तर आधी बिजागऱ्यांचे स्क्रू ढिले झाले आहेत का, ते पाहावे. कित्येकदा दार फुगलेले नसून खाली झुकलेले असते.

नाशिक
ग्रिल बसवणाऱ्यांनी दार न झाकताच ग्राइंडर चालवला. लोखंडाचा कीस सागावर बसला आणि पहिल्या पावसात काळे ठिपके उमटले. लाकडातल्या टॅनिन या नैसर्गिक तुरट द्रव्याची ओल्या लोखंडाशी क्रिया होऊन हा रंग येतो, त्यामुळे नुसते घासून तो जात नाही. आम्ही जुने पॉलिश काढले, रुतलेले कण टोकरून काढले, ऑक्झॅलिक आम्लाचे द्रावण लावले आणि डाग फिके पडल्यावर दार स्वच्छ पाण्याने धुऊन पूर्ण वाळवले. हे आम्ल विषारी आहे. हातमोजे व चष्मा घालावा, मुलांना दूर ठेवावे आणि वाळलेल्या थराची धूळ उडू देऊ नये.

ठाणे
वरचे सगळे अनुभव भरीव लाकडाचे आहेत, म्हणून आमचा वेगळा अनुभव लिहितो. बाथरूमचे फ्लश डोअर (आतल्या भरावावर दोन्ही बाजूंनी पातळ थर चिकटवलेले सपाट दार) खालून इतके कापले गेले की कडेची लाकडी पट्टी निघून आतला भाग उघडा पडला. तो लगेच बंद केला असता तर दार वाचले असते. कंत्राटदाराच्या "उद्या येतो" मध्ये दिवस गेले, पाणी शिरले आणि थर सुटून फुगले. सुटलेले थर दाबून चिकटवून पाहिले, तरी ते पुन्हा उघडले. अखेर दार बदलले. कापल्याच्या दिवशीचे फोटो आणि त्याला पाठवलेला संदेश जपून ठेवला होता, त्यामुळे शेवटच्या बिलातून नव्या दाराची किंमत वजा करून घेता आली. ज्यांचे काम अजून सुरू आहे त्यांनी पूर्ण रक्कम चुकती करण्यापूर्वी प्रत्येक दार स्वतः उघडून, लावून आणि खालच्या कडेवरून हात फिरवून पाहावे.