हुमणीला समीकरणं कशाला? त्या पोस्टला उत्तर

कोथरूड_गणित: काल इथे एकाने लिहिलं, 'हुमणीची, म्हणजे उसाची मुळं खाणाऱ्या अळीची, गणिती मॉडेलं मांडणाऱ्यांनी आधी ऊस खांदून बघावा. कीड दिसली की औषध ओतायचं, विषय संपला.' मी गणित शिकवतो, पण माझं आजोळ दौंडचं, ऊस खांदलेला आहे. पहिल्या महायुद्धात एड्रियाटिक समुद्रातली मासेमारी घटली आणि बाजारात शिकारी माशांचं प्रमाण वाढलं. इटालियन गणितज्ञ व्होल्तेरा यांनी १९२६ मध्ये त्याचं गणित मांडलं: भक्ष्य आणि भक्षक दोघांना सरसकट मारत राहिलात तर सरासरीत भक्ष्यच वाढतं. सरसकट फवारणी म्हणजे हेच. आणि हुमणीची वर्षाला एकच पिढी. वळवानंतर तिचे भुंगेरे, म्हणजे पूर्ण वाढलेले किडे, संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर जमतात. अंडी घालण्याआधी तिथेच एक मादी मारली की तिची सगळी पिलावळ गेली. ऑगस्टात औषध ओतून एकेक अळी मरते, तोवर मुळं खाऊन झालेली असतात.

शिरूर_ऊसवाला: ती पोस्ट माझीच. सर, हुमणीला खाणारं कोण ते सांगा. नांगरामागं बगळे येतात, बाकी कोण? मासे आणि हुमणी एका तराजूत कशी बसतील? गेल्या साली माझा दोन एकर खोडवा (तोडणीनंतर पुन्हा फुटलेला ऊस) पिवळा पडला, ठोंब धरून ओढला की हातात यायचा. तेव्हा माणसाला औषधच सुचतं.

बारामतीकर: माव्याला, म्हणजे उसाच्या पानांवरच्या किडीला, मात्र सरांचं लागू पडतं. २००२ ला लोकरी मावा आला तेव्हा उंच उसात पंप घेऊन शिरताच येईना. डिफाच्या अळ्या आणि मायक्रोमस हे मित्रकीटक वाढले, त्यांनी मावा खाल्ला. आमच्या भावकीत ज्यांनी औषधं मारली त्यांच्याकडं तो फिरून आला. दुकानदार हे कधीच सांगत नाही, त्याला बाटली खपवायची असते.

जुन्नर_पट्टा: संध्याकाळी बाभळी हलवायला जाणार कोण? आमच्या उसात बिबट्याची मादी पिलं घेऊन बसलीय. अंधार पडला की पोरांना अंगणातसुद्धा सोडत नाही आम्ही.

कोथरूड_गणित: मग माणूस जायलाच नको. प्रकाश सापळा लावा, खाली पाणी आणि थोडं रॉकेल.

जुन्नर_पट्टा: लाईट कुठंय? शेतीची थ्री-फेज रात्री बारानंतर. पाणी धरायला गेलेल्या माझ्या चुलत्यावर बिबट्यानं झेप घेतली, खांद्याला अकरा टाके. तुम्ही कोथरूडात बसून वेळापत्रक सांगता याचा राग येतो.

शिरूर_ऊसवाला: खरंय. आधी दिवसा वीज द्या, मग भुंगेरे वेचायला सांगा.

बारामतीकर: बिबट्या उसात आला कारण आपण डोंगरापर्यंत ऊस नेला. हेही बोला.

जुन्नर_पट्टा: म्हणजे चूक आमचीच? कारखान्याला ऊस हवा, तुम्हाला साखर हवी, आणि टाके आमच्या चुलत्याला?

बारामतीकर: चुलत्यांचं वाईट वाटलं, त्यांना उद्देशून नव्हतं. पण ऊसाचं म्हणणं मागे घेत नाही.

मांजरी_कृषी: हुमणीवर या. सर, शेजाऱ्याचं काय? मी तीन वर्षं भुंगेरे वेचले, बांधापलीकडचे उडून आलेच. तुमच्या समीकरणात शेजारी असतो का?

कोथरूड_गणित: असतो, बाहेरून येणाऱ्यांचं पद असतं. ते मोठं असेल तर एकट्याच्या कष्टाने संख्या फारशी हलत नाही. म्हणून पहिल्या वळवानंतर सगळ्या शिवाराने एकदम वेचावं लागतं. आणि शिरूरकर, हुमणीच्या गळ्यात व्होल्तेरा बांधला ही माझी घाई झाली. तिथे पिढीचं गणित पुरेसं होतं.

शिरूर_ऊसवाला: एवढं मानलंत म्हणून सांगतो, मादी आधी मारायची हे मलाही पटतंय. माझ्या बांधावर चार कडुनिंब आहेत. पण शेजारी औषधावरच अडून बसलाय, त्याला तुम्ही येऊन समजवा.

कोथरूड_गणित: वळीव पडला की कळवा. सोलरचा सापळा घेऊन येतो.

जुन्नर_पट्टा: दिवस मावळायच्या आत लावून व्हा. आणि गाडी उसाच्या कडेला उभी करू नका.